सड्यावरचा राहिलेला उत्तरार्ध

रविवार, १८ मे. जागा: आमचा सडा. हजर: मी; हे, शिट्टीसह; शरद भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून; सडा क्लबचे खेळाडू, त्यातले निम्मे मुंबईहून रजा काढून आलेले; हिमाल क्लबचे खेळाडू, आजूबाजूच्या बागांतून आलेले; काशीताई, पत्र्याच्या डब्यासह; गणपत ड्रायव्हर, गाडीशिवाय, कारण गाडी खाली रस्त्यावरच ठेवायची अशी त्याला सक्त ताकीद होती; आणि काजूच्या झाडावर वानरं, न बोलावता. गैरहजर: मानबहादूर.

हजेरी मांडल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही. आंब्याच्या घरात आले तेव्हापासूनची ही खोड. काढणीला कोण, वाहायला कोण, निवडायला कोण, हे सकाळी लिहिलं नाही तर संध्याकाळी आंबा भलत्याच ढिगात सापडतो. त्यामुळे फुटबॉलच्या सामन्यालाही मी आधी माणसं लिहिली. सामना म्हणजे नवा नव्हे. सहा वर्षांपूर्वी मध्यंतराला थांबलेल्या एका अंतिम सामन्याचा उत्तरार्ध तेवढा खेळायचा होता.

मे महिना उतरायला लागला की मला तो सामना आठवतो. पेटीचा आंबा संपलेला असतो, मार्केटचे फोन थंडावलेले असतात. झाडावर राहिलेला, डागी, बारका असा सगळा आंबा कॅनिंगला जाणार असतो. अंगणात कोकमासाठी रातांब्याची सालं वाळत असतात आणि हात लावीन तिथे लाल डाग पडतात. हवा अंगाला चिकटते. कातळ दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती ऊब पायातून वर सोडत राहतो. अशा वेळी खोपटातल्या आढ्या मोडतात. ज्या पेंढ्यात आंबा थरावर थर लावून पिकवला, तो पेंढा मोकळा होतो. त्याला एक वास असतो. थोडा भाताचा, थोडा आंब्याचा, थोडा आंबूस. दुसऱ्या कोणाला तो वास म्हणजे हंगाम संपल्याची खूण वाटेल. मला त्या वासाबरोबर बॉल दिसतो.

कारण आमच्याकडे आढी मोडल्याशिवाय स्पर्धा सुरूच होत नसे. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं सपाट पठार. पडलं की गुडघ्याचं साल कातळावर राहतं. तिथे गोलरक्षकानं झेप कशी घ्यायची? म्हणून दोन्ही गोलांपुढे आढीचा पेंढा जाडजूड पसरायचा. बाकी मैदानावर पडायला बंदी, पाय घसरवून बॉल काढायला बंदी. गोलरक्षकाला मात्र गादी. झेप घेऊन उठला की त्याच्या केसात पेंढा, कानात पेंढा, आणि अंगाला पिकल्या हापूसचा वास.

स्पर्धा भाऊजींची. तरुणपणी ते मुंबईला नोकरीला होते, गिरणगावातल्या कुठल्याशा क्लबात खेळायचे. गावी परतले ते बाग बघायला, पण डोक्यात बॉल घेऊनच. आमच्या बागांना राखणीला नेपाळहून माणसं येतात. थंडीच्या सुरुवातीला यायची, मोहोर राखायचा, मग फळ राखायचं, वानरांवर गलोल धरायची, डबे बडवायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचं. प्रत्येक बागेत दोन-तीन माणसं, खोपटात. एका बागेतला गडी दुसऱ्या बागेतल्या आपल्याच गाववाल्याला हंगामभर भेटत नसे. आमचा मानबहादूर एका संध्याकाळी हिरव्या कैरीला पायावर उडवत होता. एकदा, दोनदा, दहादा. कैरी खाली पडली नाही. भाऊजी घरी आले ते तसेच चप्पल न काढता माजघरात.

"वहिनी, आपण स्पर्धा घ्यायची. क्लबांची. आंतरराष्ट्रीय."

"आंतरराष्ट्रीय?" हे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले. हे शाळेत मास्तर, कमी बोलतात. "पलीकडच्या वाडीत जायला आपल्याला एसटी बदलावी लागते."

"दोन देश आहेत ना? मग झालं."

आणि खरंच झालं. वाडीतल्या पोरांचा सडा क्लब. राखणदारांचा हिमाल क्लब. पुढच्या वर्षी बंदरावरच्या बोटींवरच्या खलाशांनीही एक क्लब काढला. ते बॉलपेक्षा एकमेकांना जास्त लाथा मारायचे. भाऊजींनी जुन्या चादरीवर निळ्या रंगात लिहिलं: आंतरराष्ट्रीय क्लब फुटबॉल स्पर्धा. ती चादर दोन काजूंच्या मध्ये बांधली. वारा आला की त्यातला 'आंतर' फुगायचा आणि 'राष्ट्रीय' आत जायचा. पंच हे, कारण शाळेतली शिट्टी ह्यांच्याकडे आणि पक्षपात करण्याइतका उत्साह ह्यांच्याकडे नाही. विजेत्याला कापा फणस, उपविजेत्याला बरका. बरका मिळालेला संघ चिकट हातांनी घरी जायचा आणि पुढचं वर्षभर ते ऐकायचा.

डबे तर वानरांना हाकलायचेच होते. तेच गोल झाला की बडवायचे. वानरं पहिल्या वर्षी घाबरून पळाली. दुसऱ्या वर्षी त्यांना कळलं की हा आवाज आपल्यासाठी नाही, तेव्हापासून ती झाडावर बसून सामना बघतात. बॉल करवंदीच्या जाळीत गेला की आंबे काढायचा झेला आणायचा, त्याच्या जाळीत बॉल अलगद धरून बाहेर काढायचा, तोवर खेळाडू करवंदं खात उभे. आमच्याकडे निवडीला येणारी काशीताई वाडीतलीच, पण पाठीराखी हिमालची. "आमची पोरां धावतायत का गुरां हाकतायत?" असं ओरडायची. तिचा स्वतःचा मुलगा सडा क्लबात उजव्या बाजूला खेळायचा. तो म्हणायचा, "आये, गप बस गो." ती म्हणायची, "बॉल अडव, मग गप बसत्ये."

ही स्पर्धा तीन हंगाम चालली. माझ्या घरातली लोणची याहून जास्त टिकतात. पण त्या तीन मे महिन्यांत गावाला काहीतरी झालं होतं. एरवी 'नेपाळी' एवढंच नाव असलेल्या माणसांची नावं लोकांना कळली. कोण डाव्या पायाचा, कोण लवकर चिडतो, कोणाला घरी जुळी मुलं आहेत. चक्कीवर दळण टाकायला आलेल्या बायका विचारायच्या, "मानबहादूरचा अंगठा बरा झाला का हो?"

मानबहादूर गोलरक्षक. ठेंगणा, रुंद, हात मात्र लांब. आमच्या बागेत त्याला पंधरा हंगाम झाले होते, मराठी बोलायचा ती आमच्यासारखीच हेल काढून. पहिल्या वर्षी कापा फणस हिमालनं नेला. दुसऱ्या वर्षी सडा क्लबनं. तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघं. म्हणजे खरं काय ते त्या दिवशी ठरणार होतं.

नाणेफेक भाऊजींनी जिंकली, सडा क्लबचे कप्तान तेच. मैदान पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या गोलात उभं राहिलं की समोर बागा आणि डोंगर, पाठीमागे समुद्र. पूर्वेच्या गोलात उभं राहिलं की समोर सगळा समुद्र. भाऊजींनी आपल्या गोलरक्षकाला आधी पूर्वेला घातलं. हिशेब असा, की उत्तरार्धात बाजू बदलतील तेव्हा सूर्य खाली आलेला असेल आणि तो मानबहादूरच्या डोळ्यांत जाईल.

मानबहादूरला डाव कळला. हसला. "लागू दे सूर्य, भाऊ. दर्या दिसेल."

"पंधरा वर्षं काय बघत होतास मग?"

"झाड," तो म्हणाला. "राखणीला उभा राहिलो की तोंड झाडाकडे. खोपटाचं दार पण झाडाकडे. दर्या नुसता पाठीमागे ऐकला. किनाऱ्यावर गेलो तर मासळी आणायला. कामाला उभं राहायचं आणि समोर दर्या, असं कधी झालं नाही बघा. आज अर्ध्यानंतर होईल."

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. आता वाटत नाही. मी स्वतः या घरात आले त्याला तीस वर्षं होतील. स्वयंपाकघराची खिडकी विहिरीकडे, निवडीची पडवी रस्त्याकडे. समुद्र मीसुद्धा बहुतेक ऐकलेलाच आहे.

पूर्वार्ध एक-एक असा संपला. मध्यंतराला सगळे पठाराच्या खालच्या अंगाला, मोठ्या आंब्याच्या सावलीत कोकम सरबताला उतरले. पंधरा मिनिटांनी वर आलो तर मैदानावर गोल नव्हते.

इथे थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. आधीची दोन वर्षं गोल बांबूचे होते. त्या वर्षी बांबू शेजाऱ्यांच्या लग्नाच्या मांडवाला गेले ते परतलेच नव्हते. म्हणून भाऊजींनी ऐनवेळी प्लॅस्टिकच्या क्रेटचे गोल केले. कॅनिंगचा आंबा भरायला कारखान्याकडून आलेले निळे क्रेट, एकावर एक रचले, वाऱ्यानं हलू नयेत म्हणून आत जांभ्या दगडाचे चिरे घातले. सुबक दिसत होते. फक्त एक गोष्ट विसरले. त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच गणपतला फोन करून सांगितलं होतं, "सड्यावरचे सगळे क्रेट उचल. भरलेले, रिकामे, सगळे. एकपण मागे ठेवू नको."

गणपत अंधार पडता येणार होता. पण मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कारखान्यापुढे गाड्यांची रांग लागते म्हणून तो लवकर आला. मैदानावर कोणी नाही. क्रेट मात्र आहेत. त्यानं आणि त्याच्या माणसानं चिरे काढून बाजूला ठेवले आणि चारही खांब गाडीत चढवले. अगदी नीट, एकात एक घालून.

"गोल होता तो, मेल्या!" भाऊजी ओरडले.

"मला काय म्हायती?" गणपत तितक्याच जोरात. "तुमीच सांगितलंत ना, एकपण ठेवू नको म्हणून? आता गोल नेलान म्हणून मलाच बोला!"

कोणीतरी हसलं. मग सगळेच. हे म्हणाले, "चिरे मांडा आणि खेळा." तेही झालं असतं. पण झाडाखाली भरलेले क्रेट उभे होते, उन्हानं आंबा मऊ पडत होता आणि गाडी रांगेत लावायची होती. गाडी आली म्हणजे हात लागतात. हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. दोन्ही क्लबांचे खेळाडू आपणहून झाडापासून गाडीपर्यंत ओळीनं उभे राहिले, एक ह्यांचा, एक त्यांचा, आणि क्रेट हातोहात सरकायला लागले. मानबहादूर ओळीच्या शेवटी, गाडीपाशी. प्रत्येक क्रेट झेलताना काशीताई डबा वाजवायची. पुढच्या कित्येक वर्षांत मी इतकी सुरेख भरणी पाहिली नाही. एक फळ दबलं नाही.

गाडी उतारावरून खाली गेली तेव्हा सूर्य बुडाला होता. पेंढा तसाच पडलेला. ह्यांनी कापा फणस मधोमध कापला आणि दोन्ही संघांना अर्धा अर्धा दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे राखणदारांना न्यायला बस आली. खिडकीतून मानबहादूर ओरडला, "भाऊ, माझा अर्धा सामना ठेवा!"

"ठेवतो! कुठं जातोय तो?" भाऊजी म्हणाले.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. मानबहादूर होळीआधीच मुलीच्या लग्नाला गावी गेला होता, तो तिकडेच अडकला. मग त्यानं आपल्या डोंगरउतारावर संत्र्याची झाडं लावली. आता तो स्वतःच्या बागेची राखण करतो. यात दुःख करण्यासारखं काही नाही. पंधरा वर्षं दुसऱ्याची झाडं राखलेल्या माणसाला स्वतःची मिळाली. त्याचा मेहुणा लोकबहादूर आमच्याकडे येतो, तो निरोप आणतो. दर वर्षी एकच निरोप: अर्धा आहे ना? दर वर्षी भाऊजींचं एकच उत्तर: आहे. पोरं पांगली, भाऊजींचा गुडघा गेला, बांबू परत आले आणि कुजले. स्पर्धा संपली असं कोणी कधी म्हणालं नाही. कारण सामना चालू होता, नुसतं मध्यंतर लांबलं होतं.

यंदा मात्र घाई होती. सडा सामाईक. भाऊबंदांनी विकायचं ठरवलं. "सड्यावर पिकतं काय? फुटबॉल?" असं एका चुलत दिरांनी विचारलं. भाऊजींनी सही केली. एप्रिलमध्ये आम्ही वर गेलो तर कातळावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. लांब, सरळ, काटकोनात वळलेल्या. भाऊजी एकदम थांबले. त्यांचा चेहरा असा उजळला, की काय झालं ते मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनाही कळलं की त्या प्लॉटच्या हद्दी आहेत. पावसानंतर कुंपणं पडणार.

"वहिनी," ते म्हणाले, "या मे महिन्यात."

मग मी कामाला लागले. मुंबईच्या पोरांना फोन, बागायतदारांना फोन, पेंढा राखून ठेवणं, क्रेट मागवणं. या वेळी प्रत्येक खांबाला मी लाल फडकं बांधलं आणि वर पुठ्ठा: हा गोल आहे, उचलू नये. मानबहादूरनं शब्द दिला होता, शनिवारी रात्री पोचतो. शनिवारी तो उतरला नाही. त्याचा फोनही लागेना. रविवारी सगळे सड्यावर जमलो आणि वाट बघत बसलो. कातळ तापलेला, पेंढ्याचा वास, काजूवर वानरं. साडेपाच वाजून गेले तेव्हा लोकबहादूरचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

निघायच्या आदल्या दिवशी मानबहादूरची बायको उतारावर घसरली होती, हात मोडला होता. डोंगरात तेव्हापासून नेटवर्क नव्हतं. "खेळून टाका, भाऊ," तो म्हणाला. त्याचे केस पांढरे झाले होते. "लोकबहादूर उभा राहील गोलात."

"मी नाय राहणार," लोकबहादूर म्हणाला. "मी बॅक आहे."

काशीताईचा मुलगा, आता पोट सुटलेला, म्हणाला, "शरदकाका, खेळूया ना. रजा टाकून आलोय. पुढच्या वर्षी इथं भिंती असतील."

त्याचं खरं होतं. सगळे भाऊजींकडे बघत होते आणि भाऊजी ह्यांच्याकडे. "दादा, तू पंच. सांग."

ह्यांनी शिट्टी शर्टाला पुसली. "बदली खेळाडूचा नियम आपण केलेला नाही," हे म्हणाले. "सामना थांबला तेव्हा गोलात जो होता, तोच पाहिजे. तुम्हाला खेळायचं तर दुसरी मॅच खेळा. ही नाही."

एवढं लांब वाक्य मी ह्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं.

भाऊजींनी लोकबहादूरच्या हातातून फोन घेतला आणि लंगडत पूर्वेच्या गोलापाशी गेले. पेंढ्यात मधोमध उभे राहिले, फोन छातीशी धरला, तोंड समुद्राकडे. मी जवळच होते.

"दिसतो?"

"दिसतो," फोनमधून आवाज आला. मग, "सूर्य डोळ्यात येतो?"

भाऊजींनी कपाळाशी हात धरला. "येतो रे."

"मग बरोबर आहे," मानबहादूर म्हणाला. "तसंच पाहिजे. पण भाऊ, असा नुसता बघून काय? बॉल आला पाहिजे." आणि नेटवर्क गेलं. भाऊजी फोन तसाच धरून उभे होते. काशीताई डबा वाजवायला उठली होती, ती परत बसली.

पोरं दुसरी मॅच खेळली. कोणी गोल मोजले नाहीत. गोलात जो उभा राहिला त्यानं एकदाही पेंढ्यात झेप घेतली नाही; कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

क्रेट दुसऱ्या दिवशी गणपतबरोबर परत गेले, मला विचारून. पेंढा मी माळ्यावर टाकला आहे, झाकून. शिट्टी ह्यांच्या खणात. चादर धुतली, निळा रंग थोडा गेला. मुंबईची पोरं परतली. मानबहादूरच्या बायकोचं प्लॅस्टर निघालं, असा लोकबहादूरचा गावी पोचल्यावर फोन आला. पुढच्या मेमध्ये तिला घेऊनच येतो, असा मानबहादूरचा निरोप. तिनं समुद्र पाहिलेला नाही.

एक काम राहिलं आहे. मैदानावर मी प्लॉटचा नकाशा धरून चालले. बाकी सगळं जमण्यासारखं आहे, पण पूर्वेचा गोल येतो तो सात नंबरच्या प्लॉटमध्ये. तो पुण्याच्या एका डॉक्टरांनी घेतला आहे. भला माणूस असावा. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना एवढंच विचारायचं, की तुमची पश्चिमेची, समुद्राकडची भिंत पुढच्या मेपर्यंत थांबवाल का, एका संध्याकाळपुरती. दिवसभरात मी कितीतरी जणांना फोन करते. बोलायचं काय याचा कधी विचार करावा लागत नाही. हा फोन रोज सकाळी कामांच्या यादीत सगळ्यात वर लिहिते, पहिलं वाक्य मनात जुळवते, नंबर काढते. आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर लिहिते.